पुसून ठेवलेली बंदूक

जावयाने मिस्तरींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो त्यांचा जावई नव्हता. वनरक्षकांच्या भरतीत नुकताच लागलेला, नव्या गणवेशाची कॉलर मानेला टोचत असलेला एक पोरगा होता. शस्त्रागाराला जाळीची खिडकी होती. सराव संपला की सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं आणि त्या खिडकीतून आपापली बंदूक परत द्यायची. पलीकडे बसलेला बारीक चणीचा, कानामागे पेन्सिल अडकवलेला माणूस प्रत्येक बंदूक उघडी, करंगळी आत फिरवी आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवी. डाग पडला नाही तर नुसती मान हलवी. याची पाळी आली तेव्हा मात्र ती करंगळी जाळीखालच्या फटीतून बाहेर आली आणि याच्या नाकासमोर थांबली.

"घरी तान्हं बाळ आहे का?"

"नाही. का?"

"मग एवढं काजळ कुणासाठी धरलंत?"

मागची ओळ फिसकन हसली. याचे कान तापले. तेवढ्यात मिस्तरींच्या मागून एक मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली. "बाबा, बंदुकीला नंतर आंघोळ घाला. आधी हात धुवा," असं म्हणून तिने डबा टेबलावर आपटला. मिस्तरी गुमान उठले. ज्या माणसासमोर अख्खी तुकडी चळाचळा कापते, तो माणूस डब्यासमोर असा मांजर होतो, याची या पोराला फार मौज वाटली. पुढे दोन वर्षांनी त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. पण बंदूक परत देताना करंगळी काही चुकली नाही. उलट लग्नानंतर ती जरा जास्तच खोल जाऊ लागली.

सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. बायको होती तोवर तीही मिस्तरीच म्हणे. ती गेल्यावर मुलीला त्यांनीच वाढवलं. वेण्या घालायला शिकले, त्या पहिल्या वर्षी एक वर आणि एक खाली अशा यायच्या. माणूस तसा कोरडा वाटे. कुणाच्या पाठीवर हात ठेवणार नाही, कुणाला तोंडावर चांगलं म्हणणार नाही. मुलीला ताप आला तर तिच्या उशाशी बसण्याऐवजी तिच्या सायकलची चेन काढून धुवून ठेवतील. ती बरी होऊन उठली की सायकल लोण्यासारखी चाले. ज्याला कळायचं त्याला कळे.

कामाच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. पहिला: आलेली बंदूक आधी धुवायची, मग पाहायची. "चिखलात काटा शोधू नये," असं ते म्हणत. दुसरा नियम पिस्टनचा. या बंदुकांमध्ये एक गोळी सुटली की तिच्याच धुराच्या जोराने आतला पिस्टन मागे ढकलला जातो, तो बोल्टला मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि परत येताना बोल्ट नवं काडतूस आत घेतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. नळीला तेल चालतं, बोल्टला तेलाचा हात चालतो, पण पिस्टनला काही लावायचं नाही. "पिस्टन आणि साक्ष, दोन्ही कोरडी असावीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पिस्टनचा भाग रक्षकांनी उघडायचाच नाही, तो फक्त मिस्तरींनी उघडायचा, असा खात्याचाही हुकूम होता. अर्धवट माहितीचे लोक तिथे पक्कड घालून वाट लावतात, म्हणून.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर जावयाची बदली वरच्या चौकीवर झाली. हिवाळा तोंडावर होता. खालच्या चौकीत ओल फार, वरच्या चौकीत थंडी फार, एवढाच काय तो फरक, असं सगळे म्हणत. वर तिघे जण असत: जावई, त्याचा जोडीदार लंब्या आणि स्वयंपाकाचा एक म्हातारा. लंब्या नावाप्रमाणेच दारातून वाकून येणारा, मोठ्याने हसणारा, रोज संध्याकाळी बाजाच्या पेटीवर बेसूर वाजवणारा माणूस. जावयाशी त्याचं सख्ख्या भावासारखं होतं, म्हणजे दिवसातून दोनदा भांडण व्हायचंच.

त्या सकाळी दोघे हद्दीच्या कुंपणाकडे निघाले होते, चौकी अजून हाकेच्या अंतरावर होती. झुडपातून अस्वल आलं ते सरळ लंब्याच्या अंगावर. त्याची बंदूक खांद्यावरच राहिली. जावयाने आपली उचलून हवेत एक बार काढला. अस्वल दचकलं, पण हटलं नाही. त्याने नेम धरून पुन्हा चाप ओढला. खट्. नुसता पोकळ आवाज. त्याने बोल्टचं हँडल मागे ओढलं, पुन्हा चाप ओढला. पुन्हा काही नाही. मग त्याने बंदूक उलटी धरून दस्त्यानेच मारायला सुरुवात केली. म्हातारा पेटतं लाकूड घेऊन धावत आला तेव्हा कुठे ते जनावर मागे फिरलं. लंब्या वाचला. त्याचा उजवा हात मात्र कोपरापासून कामातून गेला.

लंब्या शुद्धीवर यायच्या आतच खाली गावात बातमी पोहोचली होती, आणि बातमीला पाय फुटले की ती सरळ चालत नाही. जावई घाबरला, बंदूक असून उभा राहिला, जोडीदाराला अस्वलाच्या तोंडी देऊन स्वतः मागे सरला. लंब्याचा थोरला भाऊ इस्पितळाच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगे. चौकशी लागली. चौकशीचे साहेब शांत होते, घाईने बोलणारे नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "प्रश्न एकच आहे. बंदूक अडली की माणूस अडला? बंदूक अडली असेल तर तुझ्यावर काही नाही. माणूस अडला असेल तर नोकरी जाईल. आणि नोकरीपेक्षा जास्त काय जाईल, ते तुला मी सांगायला नको."

बंदूक तपासायची ती मिस्तरींनी. त्या भागात दुसरा शस्त्रांचा मिस्तरी नव्हता. लंब्याच्या भावाने कचेरीतच हरकत घेतली. "सासरा जावयाची बंदूक तपासणार? मग निकाल आत्ताच वाचून दाखवा की, चहा तरी वाचेल."

साहेब म्हणाले, "तपासणी तुमच्यासमोर होईल. गोळ्या तुमच्यासमोर झाडल्या जातील. मग तर झालं?"

चांदमारीच्या मैदानावर त्या दिवशी ऊन होतं. जावई भिंतीला टेकून उभा होता, त्याला बंदुकीजवळ यायची परवानगी नव्हती. मिस्तरींनी टेबलावर फडकं अंथरलं. मॅगझिन काढून त्याची स्प्रिंग अंगठ्याने दाबून पाहिली, वरच्या पत्र्याच्या ओठांवरून नख फिरवलं. पुंगळी धरणारा आकडा भिंगाखाली पाहिला. बोल्टची स्प्रिंग दुसऱ्या बंदुकीच्या स्प्रिंगशेजारी उभी करून लांबी ताडली. त्या दिवशीच्याच पेटीतली काडतुसं मागवली होती, तीही एकेक फिरवून पाहिली. सगळं जागच्या जागी. मग त्यांनी बंदूक साहेबांच्या रक्षकाकडे दिली.

पहिला बार. पुंगळी टणकन उडून मातीत पडली. दुसरा. तिसरा. बंदूक एकदाही अडखळली नाही. प्रत्येक आवाजाबरोबर जावयाला आपल्या पायाखालची एक वीट कुणीतरी काढून नेतंय असं वाटत होतं. मॅगझिन रिकामं झालं, दुसरं लावलं, तेही रिकामं झालं.

लंब्याचा भाऊ जावयाकडे वळला. "बंदूक तर पोपटासारखी बोलतेय. मग त्या दिवशी तूच मुका झाला होतास, होय ना?"

जावयाने मिस्तरींकडे पाहिलं. मिस्तरी पुंगळ्या वेचत होते. मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत होते. तिघे जेवायला बसले होते, म्हणजे दोघे बसले होते. ती वाढत होती आणि वाढताना प्रत्येक वाटी जरा आपटत होती.

"बाबा, तुम्ही सही करणार त्यावर?"

"कशावर?"

"कशावर काय! बंदूक चांगली आहे म्हणून."

"बंदूक चालली ना. चालली नाही असं कसं लिहू?"

"यांनी खोटं सांगितलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"लिहिणार तर तेच ना! माझ्या घरात जेवायचं आणि माझ्याच कुंकवावर शाई ओतायची!"

"पोरी, मीठ दे."

तिने मिठाची बरणी त्यांच्यासमोर अशी ठेवली की झाकण उडालं. ती आत निघून गेली. आतून रडण्याचा आवाज आला नाही, त्याची जावयाला जास्त भीती वाटली.

मिस्तरींनी मीठ घेतलंच नाही. घास हातात धरून ते म्हणाले, "जावईबापू, पुन्हा एकदा सांगा. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा आवाज कसा आला?"

"मामा, किती वेळा सांगू? खट् आला."

"भरीव की पोकळ?"

"पोकळ."

"म्हणजे आत काडतूस नव्हतं. बोल्ट मागे गेला, पण पुरता नाही गेला. काडतुसापर्यंत पोहोचलाच नाही." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मग तुम्ही हँडल ओढलं. झटका दिलात की बोटाने ओढलं?"

"अस्वल समोर असताना बोटाने ओढीन का? जीव खाऊन ओढलं."

"सोडल्यावर ते पुढे कसं गेलं? खाडकन?"

जावई थांबला. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, चौकशीतही नाही. त्याने डोळे मिटले. त्याला ते धुकं दिसलं, लंब्याचा ओरडा ऐकू आला, आणि हाताला ते हँडल लागलं.

"नाही. खाडकन नाही," तो म्हणाला. "दमत दमत गेलं. म्हातारं माणूस जिना चढतं तसं. आणि शेवटची पायरी चढलंच नाही."

मिस्तरींचा घास ताटात पडला.

"दमत?"

"हो. का?"

ते ताटाकडे पाहत राहिले. मग हात न धुताच उठले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू असा उतरला की जावयाला वाटलं, यांना काही झटका-बिटका येतोय.

"मामा? पाणी आणू?"

"नको. झोपा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मिस्तरी साहेबांच्या दारात हजर होते. तपासणी अपुरी आहे, बंदूक वरच्या चौकीवर नेऊन, तिथल्या थंडीत झाडून पाहायला हवी, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण हो म्हणाले. फक्त लंब्याचा भाऊही बरोबर येईल ही अट घातली. जावयालाही जीपमध्ये बसवलं.

प्रवासभर जावई एकाच गोष्टीकडे पाहत होता. मिस्तरींच्या मांडीवर एक डबा होता. पत्र्याचा, सुतळीने बांधलेला. ते त्याच्यावर हात ठेवून बसले होते, देवळात पूजेचं तबक सांभाळावं तसे. काय आहे त्यात? जावयाला एकच उत्तर सुचत होतं आणि ते त्याला नको होतं. काल मुलीने दिलेला टोला मिस्तरींना लागला. आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करणार. चौकीवर जाऊन बंदुकीत काहीतरी बिघाड करणार आणि म्हणणार, पाहा, अडली. आणि समोर बसलेला लंब्याचा भाऊ डोळ्यांत तेल घालून बघत होता. ती लबाडी पकडली गेली तर जावई भित्रा तर ठरेलच, वर लबाडाचा जावईही ठरेल. वाटेत एका वळणावर जीप थांबली तेव्हा तो मिस्तरींच्या कानाशी लागला.

"मामा, माझ्यासाठी काही वेडंवाकडं करू नका. नोकरी गेली तर जाऊ दे. मी हमाली करीन."

मिस्तरींनी त्याच्याकडे बघितलं. "जावईबापू, हमालीला खांदे लागतात. तुमचे नाहीत तसे." एवढंच म्हणून ते पुन्हा जीपमध्ये जाऊन बसले.

चौकीवर पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. म्हाताऱ्याने चुलीवर पाणी ठेवलं. मिस्तरींनी बंदूक आहे तशी बाहेरच्या लाकडी पेटीत ठेवायला लावली. वर बंदुका खोलीत आणत नसत. थंड लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो आणि गंज चढतो, म्हणून त्या पेटीतच राहत. पेटीला साहेबांनी स्वतःचं कुलूप लावलं. लोखंड हाताला चिकटेल इतकं गार झाल्यावर कुलूप उघडलं आणि साहेबांच्या रक्षकाने गोळ्या झाडल्या. बंदूक पुन्हा सरळ चालली. एकही बार चुकला नाही.

लंब्याचा भाऊ हातावर हात चोळत म्हणाला, "झालं समाधान? की आता हिला अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून पाहायची?"

"थांबा जरा," मिस्तरी म्हणाले. "साहेब, पिस्टनवरचं हे लाकडी आवरण तुम्ही स्वतःच्या हाताने काढा. माझा हात नको. आणि पेटीतल्या इतर बंदुकांचंही काढा."

साहेबांनी काढलं. लाकडाचे तीन तुकडे टेबलावर उताणे ठेवले. दोन आतून पांढुरके, कोरडे होते. जावयाच्या बंदुकीचं लाकूड आतून पिवळं-काळं झालं होतं. साहेबांनी त्यावर बोट घासलं आणि वास घेतला.

"हे वंगण आहे. पिस्टनच्या जागी वंगण? तुम्हीच तर म्हणता तिथे काही लावायचं नाही."

"हो."

"मग हे कुठून आलं?"

"ते उद्या सकाळी सांगतो. आधी दिसू दे. दिसल्याशिवाय मी बोललो तर हे म्हणतील, जावयासाठी गोष्ट रचली." त्यांनी लंब्याच्या भावाकडे मान केली. भाऊ टेबलावरच्या लाकडांकडे सरकला.

मग मिस्तरींनी डब्याची सुतळी सोडली. आत घट्ट पिवळं वंगण होतं. सगळ्यांसमोर त्यांनी पिस्टन काढला, त्याच्या नळकांड्यात ते वंगण भरलं, पिस्टनला वरून थापलं, आणि बोल्टच्या मागच्या खाचांतही भरलं. हे करताना त्यांना मधे एकदाही थांबावं लागलं नाही, जणू हे काम आधी कधीतरी केलेलं होतं. जावयाने ते पाहिलं. आणि जीपमधला संशय गळून त्याच्या जागी दुसराच उभा राहिला. पेटी बंद झाली. साहेबांनी किल्ली खिशात टाकली.

सकाळी गवतावर पांढरं पडलं होतं. पेटी उघडली तेव्हा झाकण चरचरलं. साहेबांनी मॅगझिन लावून बंदूक आपल्या रक्षकाकडे दिली. म्हातारा चुलीपाशी उभा होता, हातात चिमटा तसाच.

पहिला बार झाला. आवाज डोंगरावरून परत आला. पुंगळी बाहेर पडली, पण उडाली नाही; रक्षकाच्या बुटाजवळच आळसावून पडली.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

खट्.

जावयाने मान वर केली. तोच आवाज. भरीव नाही, पोकळ. रक्षकाने हँडल मागे ओढलं, त्याला दोन हात लावावे लागले, आणि सोडलं. ते दमत दमत पुढे सरकलं. शेवटची पायरी चढलं नाही. त्याने चाप ओढला. काही नाही.

लंब्याच्या भावाने बंदूक हातात मागितली. स्वतः हँडल ओढलं. सोडलं. पाहिलं. पुन्हा ओढलं. मग परत दिली.

साहेब मिस्तरींकडे वळले. "आता सांगा."

मिस्तरी ताठ उभे राहिले, हजेरीला उभं राहावं तसे. "गेल्या पावसात खालच्या चौकीत तपासणी झाली. जावयाच्या बंदुकीच्या पिस्टनला गंज निघाला. तो भाग त्याने उघडायचा नसतो, गंज माझा होता, पण बोलणी त्याने खाल्ली, सगळ्यांसमोर. मिस्तरीचा जावई आणि बंदुकीला गंज, असं लोक हसले. मला ते लागलं. बंदूक माझ्याकडे आली तेव्हा मी पिस्टनला वंगण भरलं. पुन्हा गंज चढू नये म्हणून. इतर कुणाच्या बंदुकीत नाही भरलं, याच्याच. खालच्या हवेत ते पातळ राहिलं असतं. बदली वर होईल हे मला ठाऊक नव्हतं. बदली झाल्यावर आठवायला हवं होतं. नाही आठवलं."

"आणि तपासणीत दिसलं कसं नाही?"

"मैदानावर न्यायच्या आदल्या दिवशी बंदूक माझ्या टेबलावर आली, तशी मी धुतली. सवय. पाहण्याआधी धुतली. लाकडात मुरलेलं तेवढं राहिलं, बाकीचं वंगण रॉकेलच्या भांड्यात गेलं, ते मी मोरीत ओतलं. जावईबापू 'दमत' म्हणाले तेव्हा कळलं की मी काय ओतलं. त्या पोराचा हात मोरीत ओतला, साहेब."

जावई पुढे झाला. मिस्तरींनी हात वर करून त्याला थांबवलं. "नको. आत्ता नको."

साहेबांनी तो पिवळा-काळा लाकडाचा तुकडा पुन्हा हातात घेतला. "वंगण तुम्ही भरलंत हे तुमच्याखेरीज कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. लाकडाची गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर ते मीही पाहिलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं," मिस्तरी म्हणाले.

जावयाच्या नावापुढचा ठपका पुसला गेला. मिस्तरींना शस्त्रागारातून काढून गोदामात, ब्लँकेट आणि बुटांच्या हिशेबावर बसवलं. निवृत्तीला थोडेच महिने होते, तेवढे त्यांनी तिथे काढले. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. त्यांनी मागितला नाही, आणि देण्याची कुणाला हिंमत झाली नाही. ते चौकीवरून घरी आल्यावर मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा पेन्सिल अडकवायचा कान साबणाने घासत म्हणाली, "जावयासाठी करायचंच होतं, तर मला विचारायचं. मी सांगितलं असतं, नको."

"तुला विचारून कधी काय केलंय मी?"

"म्हणून तर हे झालं."

लंब्याला मिस्तरी स्वतः सांगायला गेले. जावई बरोबर होता. लंब्या खाटेवर बसून डाव्या हाताने बटण लावायचा प्रयत्न करत होता. मिस्तरींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. लंब्या ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्याने बटणाचा नाद सोडला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "जावयाचे लाड करायचे होते तर ताटात वाढायचे. बंदुकीत कशाला वाढलेत?"

लंब्या हसला, पण त्याचं ते जुनं हसणं नव्हतं. मग जावयाकडे वळून म्हणाला, "आणि तू रे, दस्त्याने मारत होतास ना? मला वाटलं ते मला स्वप्न पडलं होतं. त्याच्या नाकावर मारायचं असतं गाढवा, पाठीवर नाही."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

"पुढच्या वेळी तू पुढे चाल."

दारात थोरला भाऊ उभा होता. त्याने दोघांना जायला वाट दिली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. जावयाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मिस्तरींनाही नाही. घरी येताना रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

जावई अजून त्याच नोकरीत आहे, खालच्या चौकीवर. बंदूक तपासायला आता दुसरा मिस्तरी येतो, तरुण आहे, फडकं वापरतो, करंगळी वापरत नाही. लंब्याला खात्याने कचेरीत काम दिलं. डाव्या हाताने त्याचं अक्षर उजव्यापेक्षा बरं येतं असं तो सगळ्यांना ऐकवतो. त्याचा भाऊ रस्त्यात मिस्तरी दिसले तर दुसऱ्या बाजूने जातो.

मिस्तरी मुलीकडेच राहतात. बाजारामागच्या गल्लीत त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं लहानसं दुकान घातलं आहे. सकाळी ते स्वतः उघडतात, दुपारी जेवायला घरी येतात, आणि सोमवारी दुकान बंद असतं.